घरगाडीचा चाचणी अहवाल

मु. करवंदे बंदर,
(दाभोळच्या खाडीपलीकडे, पाणी तपासणी केंद्रासमोर)
रविवार, २७ जुलै

ती. स्व. भगवानकाका यांस,

संध्याचा सविनय जय भीम. वृंदाकाकूंनाही सांगावा. तुमचा गुडघा कसा आहे? पावसाळ्यात तरी दुकानात स्टूल घेऊन बसत जा. लोकांसाठी इतके सोफे बनवणारा माणूस स्वतः दिवसभर उभा असतो, हे मला लहानपणापासून पटलेलं नाही. काकूंच्या बीपीच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? कॅम्प दोनला तुमच्या दुकानाच्या गल्लीत पाणी भरलं असेल तर रेक्झिनचे गठ्ठे वरच्या फळीवर चढवले असतील अशी आशा आहे. बदलापूरला शिरगावात आमच्या बिल्डिंगच्या पायऱ्यांपर्यंत येतं तेवढंच पाणी आलं, असं शेजाऱ्यांकडून कळलं. इथे आम्ही चौघंही सुखरूप आहोत. चौघं म्हणजे मी, आई, पप्पा आणि गयाआत्या. गाडीही सुखरूप आहे. (गाडीबद्दल सविस्तर पुढे लिहिते. आधी पाणी प्या.)

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. इथे रेंज फक्त जेट्टीच्या टोकाला येते आणि तिथे छत्री उलटी होते. गाडीत रेंज आली असती तरी उपयोग नव्हता, कारण तुमच्या गाडीत एकाने केलेला फोन चौघांचा असतो. शिवाय आत्याचं म्हणणं असं, की फोनवर बोललेलं भगवान विसरतो, कागद आला की जपून ठेवतो. पोस्टात टाकण्याआधी पत्र सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं, अशीही तिची अट आहे. ती मी मान्य केली आहे. (कंसातलं वाचून दाखवायचं की नाही, हे ठरलेलं नाही.)

तुम्ही गाडी देताना पप्पांना म्हणाला होतात, "राजू, बिनधास्त घेऊन जा. काय वाजतं, काय गळतं ते लिहून कळव, मग मी गिऱ्हाईक बघतो." पप्पा लिहिणार नाहीत हे तुम्हालाही माहीत होतं, म्हणून हा अहवाल मी लिहिते आहे. ज्या शेठनी जुनी बारा सीटर आणून तिची घरगाडी करायला सांगितली आणि ज्यांच्या बायकोने तयार गाडी बघून "ये गाडी नहीं, शादी का हॉल है" असं म्हणत ती नाकारली, त्यांच्याबद्दल माझ्या मनात सुरुवातीला राग होता. चौदा दिवस त्या मरून मखमलीच्या पडद्यांमध्ये राहिल्यावर तो थोडा कमी झाला आहे. पण गाडी मजबूत आहे, यात वाद नाही.

आम्ही निघालो कशासाठी हे तुम्हाला माहीतच आहे, तरी अहवाल पूर्ण व्हावा म्हणून लिहिते. मला इथल्या पाणी तपासणी केंद्रात नोकरी लागली. काम म्हणजे किनाऱ्यावरच्या वाड्यांमधल्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, तपासायचं, आणि दूषित असेल तर गावाला समजावून सांगायचं. सोमवारी एकवीस जुलैला सकाळी दहाच्या आत हजर झालं नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती. मी एकटी एसटीने येणार होते. त्यावर पप्पा म्हणाले, मी जागा बघतो, पटली तर तुला ठेवून येतो, नाही तर त्याच गाडीने परत. पप्पा निघाले म्हणून आई निघाली, आणि आई रस्त्यात अनोळखी माणसांशी बोलू शकत नाही म्हणून आत्या निघाली. म्हणजे माझी नोकरी दोन गोष्टींवर अवलंबून होती, सोमवारचे दहा आणि पप्पांचं मन. यातली पहिली गोष्ट सोपी असेल असं मला वाटत होतं.

आता गाडी. तुम्ही घाट टाळायला सांगितलं होतंत, म्हणून पप्पांनी किनाऱ्याचा रस्ता धरला. समुद्र सपाट असतो म्हणजे त्याच्या कडेचा रस्ताही सपाट असणार, असा त्यांचा हिशेब. श्रीवर्धनच्या पुढे कळलं की हा रस्ता एका डोंगरावर चढतो, खाली वाकून एखादं गाव बघतो आणि लगेच दुसऱ्या डोंगरावर चढतो. तुमच्या सोफा-कम-बेडची कडी चढावर आपोआप सुटते, ही नोंद घ्यावी. चढ लागला की सोफ्याचा बेड होतो आणि उतार लागला की बेडचा पुन्हा सोफा होतो. पहिल्या उताराला आत्या त्यात होती. तिला काहीही लागलं नाही, कारण तुम्ही फोम उत्तम प्रतीचा घातला आहे, पण ती आतून जे बोलली ते मी अहवालात लिहीत नाही. त्यानंतर ती दोन दिवस ड्रायव्हरच्या शेजारी बसली आणि पप्पांना प्रत्येक वळणावर ब्रेक कधी दाबायचा ते सांगत राहिली. छताच्या झडपेतून पाणी गळतं, तेही बरोबर आईच्या उशीवर. तिथे आता आईने कुकर ठेवला आहे आणि ती दुसऱ्या दिशेला डोकं करून झोपते. हे सोडलं तर गळती नाही.

बागमांडल्याला पहिली फेरीबोट. गाडी बोटीवर मागे मागे घेत चढवायची असते, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. पप्पा बावीस वर्षं अंबरनाथच्या कंपनीची स्टाफ बस चालवत आहेत, पण काका, तुम्हाला माहीत आहे, त्या बसला कायम क्लीनर असतो. मागून पत्र्यावर थाप पडल्याशिवाय पप्पांचा पाय क्लचवरून उठत नाही. आरशात स्वच्छ दिसत असलं तरी उठत नाही. मी थाप मारायला उतरणार, तेवढ्यात आत्याच छत्री घेऊन उतरली. पाऊस आडवा येत होता. आत्या बोटीच्या मधोमध उभी राहून "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे" करू लागली. फेरीवर गाड्या लावणारे रामभाऊ नावाचे गृहस्थ धावत आले आणि म्हणाले, "ओ मावशी, बाजूला व्हा, बोट माझी आहे!" आत्या म्हणाली, "आणि गाडी माझ्या भावाची आहे!" दोघांनी दोन बाजूंनी थापा मारल्या. पप्पांनी बावीस वर्षांच्या शिस्तीप्रमाणे दोन्ही थापा पाळल्या. मागची लोखंडी शिडी कठड्याला टेकली आणि वाकली. शिडी आता डावीकडे झुकते, पण चढता येतं. (खरं म्हणजे चढता येत नाही.) रामभाऊंनी नंतर आत्यासाठी चहा मागवला आणि तिला विचारलं की याआधी तुम्ही कुठल्या बंदरावर होतात. आत्याने बदलापूर सांगितलं.

खरी अडचण दाभोळला आली. मंगळवारी दुपारी पोचलो तर वाऱ्यामुळे फेरी बंद. उद्या सकाळी बघू, असं जेट्टीवर सांगितलं, म्हणून आम्ही मच्छीमारांच्या घरांजवळ गाडी लावली. मासेमारीही बंदच होती. होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकून ठेवलेल्या, पडव्यांमध्ये जाळी विणत बसलेली माणसं, आणि सगळीकडे सुकवलेल्या बोंबलांचा वास. समोरच्या घरातल्या सखूमावशीने आईला पावसात स्टोव्ह पेटवताना पाहिलं आणि टोपभर बोंबलाचं कालवण आणून दिलं. इथून पुढचं तुम्ही ओळखलं असेल. आई कुणाचं भांडं रिकामं परत देत नाही. तिने रात्री टोप घासला आणि सकाळी त्यात वांग्याची भाजी भरून दिली. सखूमावशीच्या घरीही रीत तीच. दुपारी तोच टोप चिंबोऱ्या घेऊन आला. आईने शेवयांची खीर केली. टोप जवळ्याची चटणी घेऊन आला. आईने पिठलं केलं.

एक गोष्ट इथे लिहिली पाहिजे. गुरुवारी सखूमावशीने आमचं आडनाव विचारलं आणि आत्याने सांगितलं. आपण कोण, तेही सांगितलं. त्यानंतर पिठल्याचा टोप त्या घरी गेला आणि आत्या गाडीच्या दारात बसून समोर बघत राहिली. तासाभराने टोप भरून आला, आणि सखूमावशी म्हणाली की पिठल्याला मिरची थोडी कमी पडली. त्या दिवशी आत्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. याहून जास्त तुम्हाला सांगायची गरज नाही.

शुक्रवारी सकाळी फेरी सुरू झाली. मी बॅग भरून तयार. आई म्हणाली, टोप आपल्याकडे आहे, असं कसं जाणार? म्हणून उसळ केली, दिली. शेवटची गाडी चढेपर्यंत टोप पुन्हा आमच्याकडे. शनिवारी आईने मला भर पावसात गूळ आणायला पाठवलं आणि लापशी केली. मी तिला सांगून पाहिलं, की आपण टोप स्वच्छ धुऊन आभार मानून परत देऊ, ही रीत कुणीतरी एकाने थांबवल्याशिवाय थांबणारच नाही. (मी गणिताने समजावलं, ही माझी चूक.) आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू शिकून मी हेच शिकले. पप्पा मध्ये पडले नाहीत. ते चाकांतली हवा बघत होते. ती ते रोज बघत होते. सोमवारचे दहा वाजायला आता चाळीस तास राहिले होते, आणि टोप लापशी पोचवून परत निघाला होता.

शेवटी मीच छत्री घेऊन सखूमावशीकडे गेले आणि स्पष्ट सांगितलं, की मावशी, कृपा करून आता काही देऊ नका, माझी नोकरी जाईल. ती जाळ्याची गाठ मारता मारता हसली. म्हणाली, "अगो पोरी, मी काय करू? तुझी आई रिकामा देत नाय, मग मी कसा रिकामा ठेवू?" मी म्हटलं, पण फेरी सुरू झाली ना. त्यावर ती म्हणाली, "तेच तर. कालपासनं तुझ्या आईचं तोंड उतरलंय. आधी रोज सकाळी येऊन इचारायची, आज तरी बंदच हाय ना? बंद म्हटलं की कशी खूश व्हायची!"

काका, मला वाटत होतं की माझ्या वाटेत वारा आहे, रीत आहे, टोप आहे. आई आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मुलींच्या शिक्षणावर मी कॉलेजात दोनदा भाषण केलं आहे आणि दोन्ही वेळा आई पहिल्या रांगेत बसली होती.

मार्ग सखूमावशीनेच काढला. रविवारी सकाळी ती टोपात सुकट भरून घेऊन आली आणि आईला म्हणाली, "ह्यो टोप आता परत नको. पोरीला खोलीवर लागेल. एकट्या माणसाला एवढा पुरतो." मुलीच्या संसाराला दिलेलं भांडं नाकारता येत नाही, त्यामुळे आई अडकली. मग तिने आपला लाडवांचा डबा सखूमावशीला दिला, तोही कायमचा, आणि पप्पांना म्हणाली, "काढा गाडी." या वेळी थाप मी मारली. गाडी एकदाच सरळ बोटीवर चढली. खाडी शांत होती, पाऊस रिमझिम, आणि पलीकडे धोपाव्याला लागेपर्यंत टोप आईच्या मांडीवर होता.

सोमवारी मी पावणेदहाला हजर झाले. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक फ्रीज आणि नीलिमा मॅडम, ज्या गेली सहा वर्षं हे काम करत आहेत. माझी राहायची खोली मागे, एका निवृत्त पोस्टमनच्या घराला लागून. पप्पांनी तिची तपासणी केली. आतली कडी त्यांनी वीस वेळा लावून-काढून पाहिली. मग मला आत कोंडून घ्यायला सांगून बाहेरून दार ढकलून पाहिलं, आणि पोस्टमनकाकांना इथे साप निघतात का, दारू कोण पितं आणि नेट कुठल्या कंपनीचं चालतं, हे तीनही प्रश्न एका दमात विचारले. शेवटी म्हणाले, "जागा बरी आहे." पप्पांच्या तोंडून बरी हा शब्द तुम्ही किती वेळा ऐकला आहे ते आठवा, म्हणजे मला काय वाटलं असेल ते कळेल. मी जिंकले होते.

त्याला आता सात दिवस झाले. गाडी केंद्रासमोर उभी आहे. मंगळवारी बॅटरी उतरली होती. बुधवारी पप्पांना इंजिनात काहीतरी वाजल्यासारखं वाटलं (मला वाटलं नाही). गुरुवारी आईने खोलीला रंग द्यायचा म्हणून सगळं सामान गाडीत हलवलं. शुक्रवारी आत्याचा उपवास नव्हता, पण तिने धरला. गावातली मुलं आपल्या गाडीला "सोफ्याची गाडी" म्हणतात आणि शाळा सुटली की सोफ्याचा बेड करून दाखवा म्हणून दारात उभी राहतात. पप्पा करून दाखवतात.

कामाचं म्हणाल तर उत्तम चाललं आहे. आत्या माझ्याबरोबर विहिरींवर येते. पहिल्या दिवशी मी तिथल्या बायकांना जंतूंबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं. त्यांनी आदराने ऐकलं आणि उकळण्याचं नाव न काढता त्या पाणी भरून निघाल्या. मग आत्या कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "बायांनो, ही माझ्या भावाची पोरगी, बीएस्सी आहे. आमच्या घराण्याने पाण्यासाठी काय काय बघितलंय ते मला विचारा. पाण्याची थट्टा आम्ही करत नाही. ती उकळा म्हणते ना, उकळा." त्या विहिरीच्या पाण्याची बाटली दुसऱ्या दिवशी काळी पडली, म्हणजे पाणी खरंच दूषित होतं. ती बाटली आत्या स्वतः घरोघर दाखवून आली. आता विहिरीत नियमाने जंतू मारायची पावडर पडते. नीलिमा मॅडम काल खूप सौम्यपणे म्हणाल्या, "संध्या, तुमच्या घरचे खूप छान आहेत. अजून किती दिवस आहेत?" मी म्हटलं, विचारून सांगते. विचारलं मात्र नाही.

तर अहवालाचा सारांश असा, की गाडी दमदार आहे, कडी बदलावी, झडपेला रबर लावावं आणि शिडी सरळ करावी. बाकी आम्हा सर्वांची प्रकृती ठणठणीत आहे, काळजी नसावी. काकूंना माझी आठवण सांगावी.

आपली पुतणी,
संध्या राजेंद्र, बी. एस्सी.
(पदवी आत्याने लिहायला लावली.)

ता. क. सोमवार. वरचं पत्र काल सगळ्यांना वाचून दाखवलं. कंस गाळले. सखूमावशी आईबद्दल जे म्हणाली तेही गाळलं आणि तिथे हवामानाची माहिती वाचली. हे पुढचं पोस्टात उभी राहून लिहिते आहे. काका, एक विनंती आहे. गाडीला गिऱ्हाईक आलं आहे, ताबडतोब घेऊन या, असा फोन पप्पांना करा. (रेंजसाठी ते रोज सकाळ-दुपार जेट्टीच्या टोकाला जातात.) गिऱ्हाईक नसलं तरी करा. खोटं बोलणाऱ्या माणसाशी मी आठ-आठ दिवस बोलत नाही, हे तुम्ही अनुभवलं आहे. तरी हे मीच लिहिते आहे. मी सांगितलं तर ते जातील, पण आपल्याला घालवलं असं आईला वाटेल. तुम्ही बोलावलं तर कामासाठी गेल्यासारखं होईल. पप्पांची रजा तर कालच संपली. त्यांनी कंपनीला काय कारण कळवलं, ते मला कुणी सांगत नाही.

ता. ता. क. पोस्टातल्या बाई म्हणतात, पत्र गुरुवारपर्यंत पोचेल. मला वाटलं होतं, आठ दिवस तरी लागतील. तेव्हा मिळाल्या मिळाल्या फोन करू नका. वर एक गोष्ट लिहायची राहिली. खोलीचा रंग शुक्रवारीच वाळला होता. किल्ली माझ्याकडेच आहे. मी अजून एकही रात्र तिथे झोपलेले नाही, आणि आतापर्यंत मला कुणी अडवलेलंही नाही. रविवारी मला सुट्टी आहे, तो एक जाऊ द्या. सोमवारी करा. सकाळी नको, दुपारी करा. तेव्हा मी वाड्यांवर असते, परत येईपर्यंत संध्याकाळ होते, आणि रात्री पप्पा गाडी काढत नाहीत.